रविवारांचं वर्ष

(दृश्य: पहाट. पंचगंगेचा घाट, पुलावरून ऊस भरलेल्या ट्रॉल्या चालल्या आहेत.)

कोल्हापुरात वर्ष कधी सुरू होतं? घरोघरी उत्तर मिळेल, गुढीपाडव्याला. शेतकरी मिरगाचं नाव काढील. मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर सौदे काढतो, त्याचं वर्ष तिथून. याच शहरातल्या ख्रिस्ती मंडळींचं आणखी एक वर्ष आहे. ते 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या आठवड्यात जो रविवार पडेल त्या दिवशी सुरू होतं. ना फटाके, ना शुभेच्छांचे फलक. व्यासपीठावर जांभळं कापड येतं, एक मेणबत्ती लागते आणि बायबलमधल्या जुन्या संदेष्ट्याचा पाठ वाचला जातो. आगमनकाळ लागला.

नाताळापर्यंतचे चार रविवार वाट पाहायची. बाजारात तोवर लाल टोप्या लटकलेल्या असतात, दुकानांत नाताळची गाणी लागलेली असतात. मला मनापासून वाटतं, हे चार आठवडे ज्यांनी पाळले त्यांनाच नाताळ खऱ्या अर्थानं भेटतो.

(दृश्य: घराचा ओटा. आजी चष्मा पुसताहेत, नातू पत्र्याच्या पेटीवर उभा.)

"आजी, चांदणी आज लावूया की!"

"आजून दोन रविवार हायत बाळा. पेटीतच राहू दे तिला."

हा हट्ट दरवर्षीचा, आणि आजींचं उत्तरही. वाट पाहणं हे असं घरातच शिकवलं जातं.

(दृश्य: गुऱ्हाळ. काहिलीतून वाफ, चुलवाणात चिपाडं.)

हेच दिवस गुऱ्हाळांचे. काहिलीत रस उकळतो, रानभेंडीच्या रसानं मळी वर येते, ती काढून टाकतात. गुळव्या मधूनच पाण्यात थेंब सोडतो आणि बोटांनी गोळी होते का ते बघतो. लवकर उतरवलं तर गूळ धरत नाही, उशीर झाला तर करपतो. शेजारी कितीही घाई करोत, काहील उतरायची वेळ गुळव्याच ठरवणार. आगमनकाळ मला या काहिलीजवळ जितका कळला तितका कुठल्या प्रवचनात कळला नाही.

नाताळ 25 डिसेंबरला संपत नाही, त्या दिवशी तो लागतो. पुढे बारा दिवस, मग 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण, बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचा. चांदणी तोवर राहू द्यावी.

(दृश्य: जुन्या चर्चची दगडी भिंत, घंटा.)

आता थोडा इतिहास. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. ते अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या व्हरमाँटचे. न्यू इंग्लंडच्या जुन्या प्युरिटन, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंट लोकांना सणवार मान्य नव्हते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता. रविवार हाच काय तो सण. पुढे 1970 साली नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. सणांचं वर्ष पिढ्यान्‌पिढ्या पाळणारे, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले अँग्लिकन आणि साध्या रविवारांवर भिस्त ठेवणारे, वाइल्डर यांच्या परंपरेतले प्रेस्बिटेरियन एका छपराखाली आले. तारीख होती 29 नोव्हेंबर. रविवार, आणि आगमनकाळाचा पहिला.

(दृश्य: वाळलेल्या झावळ्या, मातीचं भांडं, राख.)

फेब्रुवारी-मार्चमध्ये भस्म बुधवार येतो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या झावळ्या घरात क्रुसामागे खोचून ठेवलेल्या असतात. त्या परत आणून जाळायच्या आणि त्याच राखेनं कपाळावर क्रूस काढायचा. तिथून ईस्टरपर्यंत, म्हणजे येशू पुन्हा उठल्याच्या सणापर्यंत, चाळीस दिवसांचा उपवासकाळ. रविवार त्यात मोजत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा. कुणी मटण सोडतं. ते सोडून तांबडा-पांढरा रस्सा चाळीस दिवस बाजूला ठेवणं कोल्हापूरकराला किती जड जातं, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: जोतिबाचा डोंगर, गुलाल, सासनकाठ्या. वर पौर्णिमेचा चंद्र.)

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार. ही पौर्णिमा बहुतेक वेळा चैत्राची, म्हणजे जोतिबाच्या यात्रेची. 2023 मध्ये हनुमान जयंती 6 एप्रिलला होती, आणि तोच प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा गुरुवार. रविवारी ईस्टर. डोंगर गुलालानं रंगतो तेव्हा खाली शहरात त्या भोजनाच्या आठवणीत कुणीतरी गुडघे टेकून दुसऱ्याचे पाय धूत असतं. चंद्र दोघांचा एकच. काही वर्षी मात्र होळीची पौर्णिमाच मोजणीत येते. 2024 मध्ये तसं झालं. 30 मार्चला अख्खं कोल्हापूर रंगपंचमी खेळत होतं, आणि तो येशू कबरेत असल्याचा शनिवार होता. त्या दिवशी वेदीवर कापडसुद्धा नसतं. उघड्या खिडकीतून रंगांचा गलका ऐकत रिकाम्या वेदीपुढे बसणं सोपं नाही. तरी शांतता बाहेरच्या आवाजावर अवलंबून नसते, हे त्या शनिवारी जितकं पटतं तितकं एरवी पटत नाही.

(दृश्य: पाऊस. चिखलात भाताची रोपलावण.)

ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण. एका रविवारापुरतं लाल कापड. मग हिरवं. शेतं हिरवी, कापड हिरवं. हा काळ सर्वांत लांब. जवळजवळ सहा महिने नुसते रविवार, बहुतेकांना नावंसुद्धा नाहीत. पेंटेकॉस्टनंतरचा चौथा, सातवा, नववा. पुष्कळ लोक याच काळात चर्चला यायचे कमी होतात. मला मात्र सगळ्या वर्षात हे रविवार जवळचे वाटतात. पाळकाच्या मर्जीनं किंवा आपल्या आवडीनं इथे पाठ निवडायचा नसतो. जगभरातल्या अनेक मंडळ्या तीन वर्षांत फिरून येणारी एक पाठमाला वापरतात, त्यात पाळीला जे येईल ते वाचायचं.

(दृश्य: महापुरातलं शहर. घरांवर पाण्याच्या खुणा.)

2019 चा ऑगस्ट कुणी विसरलेलं नाही. पंचगंगा शहरात शिरली होती, माणसं होड्यांतून बाहेर काढली जात होती. 11 ऑगस्टला पेंटेकॉस्टनंतरचा नववा रविवार होता. पाठमालेत त्या दिवसासाठी लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय होता. येशू आपल्या लहानशा कळपाला सांगतो, भिऊ नका. कंबर बांधून राहा, दिवे लावून ठेवा. कोल्हापूरचा पूर बघून हा पाठ कुणी काढला नव्हता. तो कित्येक वर्षांपूर्वीच त्या रविवारासाठी नेमलेला होता.

पुढचा रविवार 18 ऑगस्टचा. पाणी ओसरलेलं, घराघरांतून गाळ उपसणं चालू. अध्याय तोच, फक्त पुढच्या ओळी. पश्चिमेला ढग उठलेला दिसला की पाऊस येणार हे तुम्ही ओळखता, मग हा काळ तुम्हाला का ओळखता येत नाही, असं येशू लोकांना विचारतो. कोल्हापूरला पाऊस पश्चिमेकडूनच येतो, गगनबावड्याच्या बाजूनं. हे दोन्ही पाठ 2022 मध्ये फिरून आले, 2025 मध्येही आले. पुढची पाळी 2028 च्या ऑगस्टात.