दोन टक्के लिग्नोकेन

(दृश्य: दातांचा दवाखाना. खुर्ची मागे कलते, वरचा दिवा लागतो.)

"आ करा काका. अजून मोठा. जरा टोचेल हं."

सुई हिरडीत शिरते. डॉक्टर दट्ट्या आधी किंचित मागे ओढतात, बघतात, आणि मगच हळूहळू दाबतात. दोन-चार मिनिटांत काका गाल चाचपायला लागतात. स्पर्श बोटाला कळतो, गालाला नाही. ओठ सुजलाय असं वाटून ते आरसा मागतात. ओठ होता तसाच आहे.

आपण याला 'भूल' म्हणतो खरं, पण काका टक्क जागे आहेत. दाढ हलवली की दाब जाणवतो, हाडातून कटकट ऐकू येते. दुखत तेवढं नाही. या औषधाचं नाव लिग्नोकेन, बाहेरच्या देशांत लिडोकेन. जखमेला टाके घाला, कुरूप काढा, नाहीतर लघवीची नळी बसवा, पहिल्यांदा हात याच बाटलीकडे जातो.

(दृश्य: मज्जातंतूचं ॲनिमेशन.)

मज्जातंतूतला निरोप विजेच्या रूपात धावतो. त्यासाठी तंतूच्या आवरणातली सूक्ष्म दारं उघडून सोडियम आत यावं लागतं. लिग्नोकेन आवरणातून आत शिरतं आणि ही दारं आतल्या बाजूनं अडवतं. दाढेवर पकड चालतेच, फक्त मेंदूपर्यंत वर्दी जात नाही. पू झालेल्या जागी मात्र आम्लता वाढलेली असते आणि तिथं औषधाला आवरण ओलांडणं जड जातं. "डॉक्टरांनी इंजेक्शनच नीट दिलं नाही" म्हणून बाहेर येऊन कुरकुरणारे खूप भेटतात. दोष बऱ्याचदा त्या पुवाचा असतो.

(दृश्य: स्टॉकहोमची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

हे औषध सापडलं जिभेमुळे. 1930च्या दशकात स्टॉकहोममध्ये सातूच्या रोपांवरचं एक संशोधन चालू होतं. त्या ओघात होल्गर एर्टमान यांनी एक रसायन बनवलं, सवयीनं चाखलं आणि जीभ बधिर झाली. त्यांचे विद्यार्थी निल्स लोफग्रेन यांनी हा धागा सोडला नाही. एकामागून एक रसायनं करत 1943च्या सुमारास ते लिडोकेनपर्यंत आले. त्यांचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यानं ते स्वतःलाच टोचून पाहिलं. 1948मध्ये अस्त्रा कंपनीनं 'झायलोकेन' नावानं ते बाजारात आणलं. आपल्याकडे अजूनही पुष्कळ डॉक्टर तेच नाव घेतात.

(दृश्य: बाटलीचं लेबल, जवळून.)

लेबलवर लिहिलंय 2 टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण याचा अर्थ एका मिलीत 20 मिलिग्रॅम औषध. नुसतं लिग्नोकेन साधारण किलोमागे साडेचार मिलिग्रॅमच्या पुढे देऊ नये, असा दंडक आहे. ॲड्रेनॅलिन मिसळलेलं असेल तर सात. कारण ॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि औषध जागेवर धरून ठेवतं. (इंजेक्शननंतर छाती धडधडते तीही अनेकदा त्यामुळेच, दर वेळी ॲलर्जी नसते.) 60 किलोच्या माणसाला नुसत्या औषधाची मर्यादा 270 मिलिग्रॅम, म्हणजे साडेतेरा मिली. एका दाढेला दोनेक मिली पुरतं. पण टेबलावरची बाटली 30 मिलीची असते, आणि 12 किलोच्या मुलाची मर्यादा तीन मिलीसुद्धा नाही.

कारण सोडियमची तसली दारं मेंदूत आहेत, हृदयातही आहेत. औषध रक्तात जास्त गेलं की ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडात धातूची चव येते, कानात गुणगुणतं. पुढे झटके, आणि शेवटी हृदयाची लय बिघडते. गंमत अशी की हेच औषध मोजून शिरेतून दिलं, तर हृदयाची एक प्रकारची बिघडलेली लय ताळ्यावरही येते. सुरुवातीला दट्ट्या मागे ओढला तो याचसाठी. रक्त आलं असतं तर सुई रक्तवाहिनीत आहे हे कळलं असतं. विषबाधा झालीच, तर दुधासारखं पांढरं स्निग्ध द्रव शिरेतून देतात. ते रक्तातलं औषध शोषून घेतं.

लिग्नोकेनच्या क्रीमला कुणी घाबरत नाही, आणि मला वाटतं फसगत तिथंच होते. 2007मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दोन तरुणींचा दाखला देऊन इशारा दिला होता. वय 22 आणि 25. लेझरनं केस काढण्याआधी दोघींनी पायांना बधिर करणारी क्रीम फासली आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं. दोघींना झटके आले, दोघी गेल्या. 2014मध्ये दुसरा इशारा आला: दात येताना बाळाच्या हिरड्यांना लिडोकेनचं घट्ट द्रावण चोळू नका.

(दृश्य: पुन्हा दवाखाना. काका गालात बोळा धरून उठतात.)

"आता एक चहा मारतो," काका म्हणतात. शब्द जरा वाकडेच येतात.

"दोन-तीन तास नाही. पोळलं तरी कळणार नाही तुम्हाला."

बाहेर बाकावर एक मुलगी बसलीय. तिची दाढ तासाभरापूर्वी काढलीय. आई तिचा ओठ पुन्हा पुन्हा दातांखालून सोडवतेय.