खुर्चीतून उठू न शकलेला भाऊ

तर मंडळी, जॉन कझेल या नटाचं नाव किती जणांना माहितीये? हात वर करा. चार, पाच. आता 'गॉडफादर'मधला फ्रेडो, माफिया डॉनचा तो दुबळा मुलगा, कोणाला आठवतो? बघा, अख्खा हॉल. हेच त्याचं करिअर, नाव कोणाला माहीत नाही आणि चेहरा कोणी विसरत नाही.

१९३५ चा जन्म, मॅसॅच्युसेट्सचा. न्यूयॉर्कमध्ये नाटकं करायची आणि पोटासाठी स्टँडर्ड ऑइल कंपनीत निरोप्याचं काम. तिथेच दुसरा एक निरोप्या होता, अल पचिनो! पुढे १९६८ ला दोघं एका नाटकात एकत्र आले, ते म्हणजे इस्रायल होरोविट्झचं 'द इंडियन वॉन्ट्स द ब्रॉन्क्स'. त्यात कझेल कोण? गुप्ता! मुलाला भेटायला आलेला, न्यूयॉर्कमध्ये चुकलेला भारतीय बाप, ज्याला हिंदीशिवाय काही येत नाही, आणि बसस्टॉपवर दोन टवाळ पोरं त्याला छळतात. आज असं कास्टिंग केलं तर आपणच बोंब मारू, आणि मारायलाच हवी, पण दोघांनाही ओबी अवॉर्ड, म्हणजे ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या नाटकांसाठीचं बक्षीस, मिळालं हेही खरंय.

सिनेमे फक्त पाच. पाचही बेस्ट पिक्चरच्या ऑस्करसाठी नॉमिनेट झाले, तीन जिंकले. त्याला स्वतःला मात्र एकही नॉमिनेशन नाही, काय बोलणार.

पहिल्या 'गॉडफादर'मध्ये बापावर गोळ्या झाडतात तेव्हा फ्रेडोच्या हातातून पिस्तूल निसटतं, नीट धरताच येत नाही त्याला, आणि मग तो फुटपाथच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडतो. हे करायला हिंमत लागते हो, कारण नटाला आतून कुठेतरी वाटतंच की प्रेक्षकाने निदान बिचारा तरी म्हणावं. कझेल तेवढंही मागत नाही. दुबळा माणूस दुबळाच ठेवतो.

'डॉग डे आफ्टरनून'मध्ये सॅल म्हणून खरंतर कोवळा पोरगा हवा होता, पचिनोने हट्ट धरून याला आणलं. बँक लुटताना अडकलेत, पळून जायला विमान मागितलंय, पचिनो विचारतो कुठल्या देशात जायचंय, आणि हा शांतपणे म्हणतो, वायोमिंग. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं, जागेवर सुचलेलं. आपण हसतो आणि लगेच पोटात गलबलतं, कारण या माणसाला खरंच माहीत नाहीये की वायोमिंग अमेरिकेतच आहे.

शेवटचा 'डीअर हंटर'. तोवर फुप्फुसाचा कॅन्सर झालेला, मेरिल स्ट्रीप सोबत होती, सिनेमातही आणि घरीही. डायरेक्टर चिमिनोने त्याचे सीन आधी उरकून घेतले. मार्च १९७८ मध्ये तो गेला, वय ४२, सिनेमा डिसेंबरमध्ये आला.

बरं, आता 'गॉडफादर टू'चा सीन लावतो. बाहेर बर्फ, आणि फ्रेडो एका आरामखुर्चीत इतका खोल रुतलाय की रागाने बोलताना त्याला धड उठताही येत नाही. धाकट्या भावाला, मायकलला सांगतोय, मी मोठा आणि मलाच ओलांडून गेलात. मायकलकडे बघू नका, तो काय नुसता उभा आहे. याच्या हातांकडे बघा. मागचे, लाइट घालवता का जरा?