पिवळी बस, सोनेरी घुमट

[पहाट. मक्याच्या शेतांमधला रस्ता. पिवळी बस.]

बसच्या अंगावर लिहिलंय, लिन-मार. लिन ही काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, मॅरियन हे गाव. दोन नावं जोडून इथल्या शाळांच्या कारभाराला हे नाव मिळालं. अमेरिकेच्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सला अगदी खेटून आहे मॅरियन. नागपुरात जन्मलेल्या आणि तिथल्याच विद्यापीठातून पदवी घेतलेल्या स्वाती दांडेकर १९७३ मध्ये आयोवात आल्या.

[स्कूल बोर्डाची खोली. ओळीनं सात खुर्च्या.]

या खुर्च्या नीट बघा. इथं बसणाऱ्याला पगार नाही, मानधनही नाही. आयोवाचा कायदाच तसा आहे. निवडणूक होते, पण मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीपेक्षा या बोर्डाचा हात बराच लांब पोचतो. शाळांचा प्रमुख अधिकारी तेच नेमतं, शिक्षकांशी करार तेच करतं, नवी इमारत बांधायची की जुनीच डागडुजी करून वापरायची, हेही तेच ठरवतं. आणि समोर बसलेले पालक उद्या सकाळी वाणसामानाच्या दुकानात भेटणारच असतात.

१९९६ ते २००२, सलग सहा वर्षं, स्वातीताई या बोर्डावर होत्या.

[वर्ग. शिक्षिका हजेरी घेतेय. हात वर होतात.]

पट मोजला जातोय. दरवर्षी १ ऑक्टोबरला आयोवातल्या प्रत्येक सरकारी शाळेत हा आकडा पक्का होतो आणि त्यावर पुढचं अंदाजपत्रक उभं राहतं. हिशेब सोपा आहे: पट गुणिले दर मुलामागचा खर्च. पट इथं, या वर्गात दिसतो. पण दर मुलामागचा खर्च किती टक्क्यांनी वाढवायचा, ते इथं ठरत नाही. ती दोरी राज्याच्या विधिमंडळाच्या हाती आहे. तिथं टक्का खाली आला, की इथं सात जणांनी रात्री उशिरापर्यंत बसून शिक्षक कमी करायचा की बसची फेरी, एवढंच ठरवायचं उरतं.

ज्यानं हे सहा वर्षं केलं, त्यानं विधानसभा लढवायची नाही तर कुणी?

[लाकडी घरांची गल्ली. अंगणात उमेदवारांच्या पाट्या.]

२००२. मतदारसंघ छत्तिसावा. तीस लाखांहून कमी वस्तीचं राज्य आणि शंभर आमदार, म्हणजे एका आमदारामागे जेमतेम २९ हजार माणसं. मुंबईत एवढी वस्ती एखाद्या वॉर्डाच्या कोपऱ्यात मावते. इथं मतदाराला उमेदवार नुसता नावानं नाही, तोंडओळखीनं माहीत असतो.

त्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी उमेदवाराचा एक ईमेल गाजला. जी व्यक्ती आयोवात लहानाची मोठी झाली नाही, ती इथल्या मूल्यांचं प्रतिनिधित्व कसं करणार, असा त्यात सवाल होता. ही गल्ली बघा, ही दारं बघा. एकोणतीस वर्षं त्या याच राज्यात राहत होत्या, आणि सहा वर्षं इथल्याच मुलांच्या शाळांचा हिशेब बघत होत्या.

मॅरियनकरांनी त्यांना निवडून दिलं.

[डे मॉइन, आयोवाची राजधानी. विधानभवन. पाच घुमट, मधला सोन्याचा.]

मधल्या घुमटावर खऱ्या सोन्याचा वर्ख आहे, २३ कॅरटचा. जानेवारीत, बर्फात, अधिवेशन सुरू होतं. शाळांचा तो टक्का याच छताखाली ठरतो.

स्वातीताईंची सहा वर्षं प्रतिनिधीगृहात, म्हणजे इथल्या विधानसभेत, मग राज्याचं सिनेट, म्हणजे वरचं सभागृह, २०११ मध्ये राजीनामा देऊन वीज-गॅस नियामक मंडळ, २०१४ मध्ये काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, तिच्या उमेदवारीसाठीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत हार आणि नंतर आशियाई विकास बँकेवर अमेरिकेचं प्रतिनिधित्व.

[संध्याकाळ. पुन्हा बोर्डाची खोली. दिवे लागतात.]

सात जण येऊन बसलेत. मागच्या रांगेत एक आई, मांडीवर झोपलेलं मूल. तिचं नाव पुकारलं गेलंय. ती हळूच उठते, मूल खांद्यावर घेते आणि माइकपाशी जाते.