कारण मी आजारी आहे

श्रोतेहो, नमस्कार.

मी पुण्यात आठवी ते दहावीच्या मुलांना जर्मन शिकवते. जूनमध्ये नवा वर्ग सुरू झाला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: पुढे याचा उपयोग काय? चाकणला जर्मन कंपन्या आहेत, जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे मी सांगते. खरंच आहे ते. पण इतकी वर्षं मला वर्गात जे मिळत आलं, ते या उत्तरात मावत नाही.

एक मुलगा आठवतो. सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, आठवीत इंग्रजी माध्यमात आलेला. इंग्रजीत चुकला की मुलं हसायची, म्हणून त्यानं बोलणंच टाकलं होतं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा. जर्मनच्या तासाला मात्र सगळ्यांची पाटी कोरी. कुणाच्याच घरी ती भाषा नाही, कुणीच आधीपासून हुशार नाही. म्हणून तो निदान मान वर करून बसायचा.

नववीत 'वाइल' शिकवायला घेतलं. वाइल म्हणजे कारण. हा शब्द आला की क्रियापद उचलून वाक्याच्या शेवटी न्यायचं. इंग्रजीच्या वळणानं वाक्य जुळवणारी मुलं इथे हमखास अडखळतात. मी फळ्यावर लिहिलं, 'वाइल इश क्रांक बिन'. वर्ग गप्प. आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे तर मराठीच आहे!"

मी त्याच्या हातात खडू दिला. त्यानं एकेका शब्दाखाली एकेक शब्द लिहिला. वाइलखाली कारण. इशखाली मी. क्रांकखाली आजारी. बिनखाली आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. त्या दिवसापासून वाइलचं वाक्य अडलं की मुलं मागे वळून त्याला विचारू लागली. ज्या मराठीमुळे आपण मागे पडलो असं त्याला वाटत होतं, तीच त्याला पुढे घेऊन आली होती. श्रोतेहो, शिक्षकाला याहून मोठं काय मिळणार?

आणि हे एका वाक्यापुरतं नाही. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो, वीस नंतर. जर्मनही तसंच म्हणतात, 'आइन उंड त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. रोमन लिपीतलं झेड जर्मनमध्ये आपल्या 'चमचा'तल्या 'च'सारखं उच्चारतात. इतरांना तो आवाज घोटवून घ्यावा लागतो, आपली मुलं तो घरूनच घेऊन येतात. जर्मनचे अवघड भागही आहेतच, विशेषणांचे प्रत्यय मुलांना रडवतात. पण लिंगं तीन आहेत म्हटल्यावर आपली मुलं घाबरत नाहीत. तो, ती, ते. झालं!

फक्त एका शब्दावर दर वर्षी भांडण होतं. जर्मनमध्ये मुलगी, म्हणजे 'मेडशेन', नपुंसकलिंगी आहे. 'शेन' हा प्रत्यय लहानपण दाखवतो आणि तो लागला की नाम नपुंसक होतं. मुली चिडतात, आणि चिडायलाच हव्यात. यंदा अशीच चिडचिड चालली होती, तेवढ्यात सावंतवाडीकडची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, माझी आजी मला 'ता चेडू' म्हणते. 'ती' म्हणतच नाही. आणि किती लाडानं म्हणते!" मालवणीत 'चेडू' म्हणजे मुलगी आणि 'ता' म्हणजे आपलं 'ते'.

दुसऱ्या दिवशी ती आजीला फोन करून जमवलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून घेऊन आली. पाडस, रेडकू, करडू, कोकरू, पिल्लू, लेकरू. सगळी लहान, सगळी नपुंसकलिंगी. चेडूच्या खाली, त्याच रांगेत, तिनं मेडशेन लिहिलं होतं.