ड्रायव्हर भारी की गाडी? रॅलीचा हिशेब असा लावा

राम राम मंडळी! मागच्या रॅलीच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न लावून धरलाय: ड्रायव्हरचा वेग मोठा, की गाडीचं टिकणं? आज तेवढंच बोलू.

मुळाक्षरं पटकन. गाड्या एकेक करून सुटतात, प्रत्येक स्टेजची, म्हणजे रस्त्याच्या ठरवून दिलेल्या तुकड्याची, वेळ लिहिली जाते, बेरीज सगळ्यात कमी त्याची रॅली. झालं.

आता आकडे बघा. रॅलीत वेगाचा फरक किलोमीटरमागे किती सेकंद असा मोजतात. जागतिक रॅलीत साधारण ३०० किलोमीटरच्या स्टेज असतात. समजा एक गडी दुसऱ्यापेक्षा किलोमीटरमागे अर्धा सेकंद पुढे आहे. त्या पातळीवर हा फरक प्रचंड आहे बरं का! अख्ख्या रॅलीत त्याची कमाई झाली १५० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटं. आणि स्टेजमध्ये थांबून, जॅक लावून एक चाक बदललं की दोनेक मिनिटं गेलीच. सगळी कमाई एका स्टेपनीत साफ.

२०२४ च्या इटलीतल्या सार्डिनिया रॅलीत शेवटच्या स्टेजला आघाडीवरच्या ओजिए या ड्रायव्हरचं टायर पंक्चर झालं आणि त्याच्यामागचा तानाक ०.२ सेकंदांनी जिंकला. त्यामुळे नुसत्या जिंकलेल्या स्टेज मोजून कुणाला मोठं ठरवू नका.

आता माझ्या खऱ्या रागाचा विषय. एका भाऊंनी लिहिलंय, "गाडी तुटनी, त्याम्हा डायवरना काय दोष?" अशा कमेंटना लाइकही भरपूर पडतात. भाऊ, गाडी तुटली की तोडली, हे आधी बघा ना!

तानाकचंच घ्या. २०१८, वेल्स. आघाडीवर होता, उडीनंतर गाडी आपटली, रेडिएटर फुटला, आघाडी गेली. २०१९, सार्डिनिया. शेवटच्या स्टेजला आघाडीवर असताना पॉवर स्टीअरिंग गेलं, पाचवा आला. निकालाच्या कागदावर दोन्ही बिघाडच. पण उडीवर किती वेगाने जायचं हे ड्रायव्हर ठरवतो. पॉवर स्टीअरिंग कधी जाणार, हे तो ठरवत नाही. पहिला बिघाड निदान निम्मा त्याच्या नावावर टाका, दुसरा पूर्ण गाडीच्या.

माझे मामा रावेरकडे केळीची पिकअप चालवायचे. पावसाळ्यात मळ्यातली काळी माती, खोल चाकोऱ्या, मधेच दडलेला दगड. त्याच वाटेवर कुणी चेंबर फोडून बसायचं, कुणाचे पाटे तुटायचे, आणि मामा माल भरून वेळेत केळीच्या ट्रकपाशी हजर. फिटरकडे गाडी आली की तो बॉनेट उघडायच्या आधी विचारायचा, "चालवत कोण होतं?"

तोच प्रश्न विचारा. १९९८ मध्ये ब्रिटनच्या रॅलीत कार्लोस साइन्झला विश्वविजेता व्हायला चौथा नंबर पुरे होता, आणि तो चौथाच होता. शेवटच्या स्टेजची शेवटची रेषा काहीशे मीटरवर असताना टोयोटाचं इंजिन गेलं. किताबाचा दुसरा दावेदार मॅकिनेन त्या रॅलीतून आधीच बाहेर पडलेला, तरी किताब त्याला मिळाला, दोन गुणांनी. इथे मी साइन्झकडे बोट दाखवणार नाही. आजही ते चित्रीकरण बघवत नाही मला.

मग तुलना करायची कशी? एकाच संघाचे दोन ड्रायव्हर घ्या. गाडी तीच, टायर तेच. सुरळीत गेलेल्या स्टेजमध्ये किलोमीटरमागे कोण पुढे, ते एका बाजूला लिहा. बिघाड दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकापुढे फिटरचा प्रश्न.

सुरुवात करायची तर २०२२ ची केनियातली सफारी रॅली घ्या. पहिले चारही टोयोटाचे: रोवानपेरा, इव्हान्स, कात्सुता, ओजिए. ओजिए सुरुवातीला पुढे होता, पंक्चर झालं, चाक बदलण्यात दोन मिनिटांहून जास्त गेली, चौथा आला. ते पंक्चर कुणाच्या नावावर? स्टेजचं चित्रीकरण बघा आणि कमेंटमध्ये कारणासकट लिहा. "नशीब" लिहिलंत तर मी पुन्हा विचारणार.