पिंपातली वर्षं
मार्च लागला की देवगडात आंब्याचा भाव चढलेला असतो आणि आंबा अजून झाडावर कोवळा असतो, मग कोणीतरी तो तसाच उतरवतो आणि कार्बाइड लावतो, कायद्याने बंदी असूनही. दोन दिवसांत पिवळाधमक. कापला की आंबट, आणि वास नाहीच. अढीतले आठ-दहा दिवस चुकवले ना, की असं होतं.

आता हाच हिशोब व्हिस्कीला लावा, फक्त दिवसांच्या जागी वर्षं धरा. स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावं लागतं, आणि बाटलीवर १२ लिहिलं तर आत मिसळलेली सगळ्यात कोवळी व्हिस्कीसुद्धा १२ वर्षांची लागते.

जपानमध्ये काय झालं बघा, १९८० च्या दशकात खप पडायला लागला, कंपन्यांनी पिंपं कमी भरली, आणि पुढे २००८ नंतर सोडा घातलेल्या हायबॉलमुळे लोक परत वळले, बाहेर बक्षिसं मिळाली, सगळं जग मागायला लागलं, पण १७ वर्षांची व्हिस्की आज हवी तर ती १७ वर्षांपूर्वी भरलेली पाहिजे ना! २०१८ ला तिथल्या सनटोरी कंपनीला हिबिकी १७ आणि हाकुशू १२ या आपल्या व्हिस्की थांबवाव्या लागल्या. स्कॉटलंडमध्ये ग्लेनलिव्हेटने २०१५ ला काही देशांत १२ च्या जागी वयाचा आकडाच नसलेली बाटली आणली. आकडा गेला की कोवळा माल मिसळायला मोकळीक. अशी प्रत्येक बाटली वाईटच असते असं नाही, पण गिऱ्हाइकाला कळायचा रस्ता बंद होतो, आणि मला हेच फार खटकतं.

आपल्या किनाऱ्यावर मात्र नुसता आकडा बघूनही चालत नाही. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन नावाची व्हिस्की मुरते. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातलं वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात, इथल्या उष्म्यात तोच वाटा ८ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे १२ वर्षांनी तिकडे पाऊण पिंपाहून जास्त उरेल, इकडे एक तृतीयांशाच्या जरा वर. लाकडाचा रंग-वासही इथे लवकर उतरतो, त्यामुळे पाच-सहा वर्षांतच ती भरदार लागते, आणि फार ठेवली तर जिभेला नुसतं लाकूड लागतं. मग पिंपातून थोडी थोडी काढून चाखत राहायचं, दुसरा उपाय नाही.

इकडे देवगडात काकी पेंढा बाजूला सारून एकेक आंबा नाकाला लावतायत. ह्यो आज, ह्यो परवा, आणि एक परत पेंढ्यात.