पायात गुठळी, मूळ पोटात: स्कॅनमध्ये काय शोधायचं?

नमस्कार. पंचविशीतल्या एका माणसाचे दोन्ही पाय एकदम सुजलेत. ना ऑपरेशन झालंय, ना प्लास्टर, ना लांबचा प्रवास. डॉपलर सोनोग्राफीत (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) दोन्ही मांड्यांच्या शिरांत गुठळ्या दिसतात, रक्त पातळ करणारं औषध सुरू होतं आणि तपास तिथेच थांबतो. असं थांबू नका. पोटातली मुख्य शीर, म्हणजे आयव्हीसी, एकदा बघाच.

ही शीर गर्भाच्या साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात तयार होते. शिरांच्या तीन जोड्या जुळतात आणि त्यातले बरेच भाग विरून जातात. या जुळणीत गडबड झाली, तर शीर डावीकडे राहते, दोन होतात किंवा एखादा तुकडा बनतच नाही. तुकडा नसेल तर पायांचं रक्त आडवाटेने, पाठीच्या कण्यालगतच्या अझायगस शिरेतून वर जातं. ही वाट अरुंद पडली की रक्त तुंबतं आणि गुठळी धरते.

पहिला इशारा डॉपलरच देतो. प्रोबने दाबल्यावर निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. पण जांघेतला प्रवाहही ऐका. तो श्वासाबरोबर कमी-जास्त व्हायला हवा. दोन्ही बाजूंना एकसुरी, सपाट वाहत असेल, तर अडथळा वर आहे असं समजा. पोटातली शीर मात्र आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत नीट दिसेलच असं नाही, म्हणून पुढे सीटी.

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पोटाचा नेहमीचा सीटी हातातून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्त पांढरं दाखवणारं औषध, दिल्यावर सुमारे 70 सेकंदांनी घेतात. तोवर किडनीतून कॉन्ट्रास्ट परतलेला असतो, पायांतून नाही. त्यामुळे किडनीच्या शिरा मिळतात त्या जागी पांढरं आणि करडं रक्त एकमेकांत मिसळताना दिसतं. हा करडा पट्टा हुबेहूब गुठळीसारखा भासतो! उपाय सोपा: 120 ते 180 सेकंदांनी पुन्हा एक फेरी घ्या. मिसळण्याचा भास असेल तर पट्टा विरतो. गुठळी जागची हलत नाही. ताज्या गुठळीची कड स्पष्ट असते, शीर फुगलेली असते, भोवतालची चरबी धूसर दिसते. जुनी असेल तर शीर आक्रसून दोरीसारखी होते, कधी तिच्यात कॅल्शियमही साचतं. लहानपणीच गुठळी होऊन सुकलेली शीर तर जन्मतः नसलेल्या शिरेसारखीच दिसते, म्हणून रिपोर्टमध्ये घाईने 'जन्मजात' लिहू नये.

आता समजा, सीटीत महाधमनीच्या डावीकडे एक गोल, करडा ठिपका दिसतोय. लिम्फ नोड, म्हणजे लसीकेची गाठ, वाटतो ना? एकेक स्लाइस, म्हणजे सीटीचा आडवा काप, खाली-वर करा. नोड काही स्लाइसमध्ये संपतो. हा ठिपका मात्र खाली डाव्या इलियाक शिरेपर्यंत (पायाचं रक्त वर आणणारी ओटीपोटातली शीर) जातो आणि वर डाव्या किडनीच्या शिरेला मिळतो. म्हणजे ही गुठळीने भरलेली डावी आयव्हीसी आहे. तपासणीसाठी सुईने तुकडा काढायचं ठरवण्याआधी हे कळलंच पाहिजे. फुगलेली अझायगसही अशीच गाठ म्हणून खपते. छातीच्या एक्स-रेत ती श्वासनलिकेच्या उजव्या कडेला उंचवटा दाखवते. किडन्याही मोजा, कारण आयव्हीसीच्या दोषाबरोबर एखादी किडनी लहान किंवा गायब असू शकते.

गर्भारपणात किंवा किरणोत्सर्ग टाळायचा असेल तेव्हा एमआरआय. गर्भवतीला गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचा कॉन्ट्रास्ट, शक्यतो देत नाहीत. त्याशिवाय घेतलेल्या एमआरआयच्या चित्रांमध्येही वाहती शीर आणि अडलेली शीर बहुधा वेगळी ओळखता येते.

रिपोर्टमध्ये गुठळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, किडनीच्या शिरा मोकळ्या आहेत का, आयव्हीसी एक की दोन, हे सगळं लिहा. शिरा दोन असतील आणि फिल्टर (गुठळी वर जाण्याआधी अडवणारी शिरेतली जाळी) फक्त उजवीकडे बसवला, तर डाव्या पायातल्या गुठळीला फुप्फुसापर्यंतची वाट उघडीच राहते.